माकडहाडात बसलेला कोकीळ

माकडहाड नावाचं हाड आपल्याला आहे हे माणसाला एरवी कळत नाही आणि एकदा कळलं की मग दुसरं काहीच कळत नाही. पावसात जिन्याच्या ओल्या पायरीवर पाय सटकला आणि पुढच्या पायऱ्या मी बसतबसतच उतरलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "कॉक्सिक्सला मार आहे, फ्रॅक्चर नाही. याला प्लास्टर वगैरे काही नसतं. फक्त बसायचं नाही." मी विचारलं किती दिवस, तर म्हणाले "बसता येईल तोपर्यंत."

हात मोडला की बरं असतं, लोक हळहळतात, प्लास्टरवर सह्या करतात. इथं नुसता चौकशी आयोग. कुठं लागलं? पाठीला. पाठीला कुठं? खाली. खाली म्हणजे कंबर का? अजून खाली. मग समोरचा माणूस एक सेकंद गप्प बसतो आणि नंतर जे हसतो ते बघवत नाही. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला मी उभा, जेवायला ओट्यापाशी उभा, आणि बसायला म्हणून मेडिकलमधून जी हवेची रिंग आणली ती भाच्याने पहिल्याच दिवशी स्विमिंगला नेली.

तर पालथं पडून मोबाइल बघण्याशिवाय काही उद्योग नव्हता, म्हणून शोधलं की हे कॉक्सिक्स काय प्रकरण आहे, तर निघाला पक्षी! प्राचीन ग्रीकमध्ये कोक्कुक्स म्हणजे कुक्कू, आपल्या कोकिळेचा भाऊबंद, आणि त्यांच्या वैद्यांना हे शेपटाकडचं हाड त्याच्या चोचीसारखं दिसलं म्हणून हाडालाही तेच नाव. आपल्या लोकांना त्याच जागी माकड दिसलं. आपल्या लोकांची नजर जास्त पारखी होती असं मत बायकोने माझ्याकडे बघत दिलं.

मग काय, एकातून एक निघतच गेलं. इ.स.पू. 700 च्या आसपास हेसिअड नावाचा कवी होता, शेतकरी, आणि भावाशी वडिलोपार्जित जमिनीवरून वाद, म्हणजे आपलाच माणूस. तो सांगतो की ओकच्या पानांत कोक्कुक्स ओरडायला लागला आणि तिसऱ्या दिवशी झ्यूसने, म्हणजे त्यांच्या देवांच्या राजाने, बैलाच्या खुराचा ठसा बरोबर भरेल एवढा पाऊस पाडला, तर उशिरा नांगरणाऱ्याचंही जमून जातं. आता आपला पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" करत असतो तो वेगळं काय सांगतो? आणि पावशाही त्याच खानदानातला, त्याचं शास्त्रीय नाव हायरोकॉक्सिक्स, म्हणजे ससाण्यासारखा दिसणारा कुक्कू. थोडक्यात पावशाच्या नावातच माझं दुखरं हाड आहे. हे मी घरी दोनतीनदा सांगितलं, कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

पण खरा वैताग पुढे आहे. ग्रीक लोक जहाजं, लोकशाही, भूमिती सगळं नीट करायचे पण पक्ष्यांच्या नावांत त्यांनी जी काटकसर केलीय ती विचारू नका. स्ट्रूथोस म्हणजे चिमणी. ठीक. आणि शहामृग? तो पण स्ट्रूथोस! फारच गोंधळ व्हायला लागला की "मोठी चिमणी" म्हणायचं, आणि नंतर कुणीतरी "चिमणी-उंट" असाही शब्द काढला, ज्यातून शहामृगाचं आजचं शास्त्रीय नाव स्ट्रूथिओ कॅमेलस आलं. इ.स.पू. 401 मध्ये झेनोफोन नावाचा ग्रीक लेखक सायरस या इराणी राजपुत्राच्या सैन्याबरोबर युफ्रेटिसच्या काठाने चालला होता, तिथे घोडेस्वारांनी या मोठ्या चिमण्यांचा पाठलाग केला, आणि तो प्रामाणिकपणे लिहितो की एकही हाताला लागली नाही. एवढं लष्कर आणि चिमणी सापडत नाही!

या पक्ष्यांच्या नावांचं ग्रीक डिक्शनरीतही धड उत्तर मिळत नाही. मोठ्या आशेने शब्द उघडावा तर अर्थ काय, "एक पक्षी". दुसरा बघावा तर "एक पक्षी, बहुधा पाण्यातला". आमच्या शेजारच्या आजीही सगळ्या कॅन्सरना "काहीतरी पोटाचं" म्हणायच्या, पण त्यांच्या नावावर कुणी ग्रंथ छापला नाही.

मुळात पक्षी या शब्दाचंच बघा. ऑर्निस म्हणजे पक्षी, पण कोंबडीही, आणि शकूनही. त्यांचं निम्मं भविष्य पक्ष्यांच्या उडण्यावर चालायचं ना, त्यामुळे पुढेपुढे कुठल्याही शकुनाला पक्षीच म्हणायला लागले. ॲरिस्टोफेनिस या विनोदी नाटककाराने इ.स.पू. 414 मध्ये पक्ष्यांवर अख्खं नाटक केलं (त्यातच पक्ष्यांनी बांधलेलं ढगातलं कुक्कूनगर आहे, आणि स्पर्धेत त्याला दुसरा नंबर मिळाला, परीक्षक सगळीकडे सारखेच), त्यात पक्ष्यांचा कोरस प्रेक्षकांना टोमणा मारतो की तुम्हाला शिंक आली तरी पक्षी, नोकर समोर आला तरी पक्षी, गाढव दिसलं तरी पक्षीच! एकट्या हेक्टरने, म्हणजे ट्रॉयच्या राजपुत्राने, ट्रॉयच्या लढाईत ठणकावलं होतं की पक्षी डावीकडे उडो नाहीतर उजवीकडे, देशासाठी लढणं हा एकच उत्तम शकून. पुढं ट्रॉय पडलं आणि हेक्टरही मेला, ते आपल्याला माहितीच आहे.

मीही या गोष्टींवर हसलो असतो, पण त्याच सुमारास रोज सकाळी खिडकीत एक कावळा येऊन ओरडायला लागला आणि रोज संध्याकाळी पाहुणे. ऑर्निस म्हणजे ऑर्निस. आले की आधी माझ्या पालथ्या देहाकडे बघायचे, मग निर्गुडीचं तेल सांगायचे, मग मस्तपैकी सोफ्यावर बसायचे. किती सहज बसतात हो लोक! अशा वेळी मला ग्रीकांची शिवी फार उपयोगी पडली. "एस कोराकास", म्हणजे जा कावळ्यांकडे. कोराक्स हा डोमकावळा, आणि तुझ्या प्रेताला माती न मिळो, कावळे खावोत असा त्याचा कडक अर्थ. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही तर सगळे नदीवर ताटकळतात, मयताची राहिलेली इच्छा शोधत बसतात, त्यांच्याकडे शिवला की खेळ खलास. आजचे ग्रीक लोकही "आय स्तोन कोराका" म्हणतात, म्हणजे अडीच हजार वर्षं शिवी चालू आहे. मी ती एका पाहुण्यांना हळूच हसतहसत दिली. ते म्हणाले, थँक यू, थँक यू.

सगळ्यात जळफळाट झाला तो अल्क्योनवर, म्हणजे खंड्यावर. ग्रीकांची समजूत अशी की ऐन हिवाळ्यात, सगळ्यात लहान दिवसाच्या आधी सात आणि नंतर सात दिवस समुद्र एकदम शांत होतो, कारण तेव्हा अल्क्योन घरट्यात अंडी उबवत बसतो. ॲरिस्टॉटलनेही हे लिहून ठेवलंय. एका पक्ष्याला नीट बसता यावं म्हणून अख्खा समुद्र चौदा दिवस गप्प, आणि मला बसता येत नाही तर वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग पाच मिनिटं थांबत नाही. आपल्या विहिरीपाशी तारेवर बसलेल्या खंड्याचं शास्त्रीय नावही हॅल्सिऑनच आहे, मी आता त्याच्याकडे पूर्वीच्या नजरेने बघू शकत नाही.

आणि एक, हे जरा जपून सांगतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, त्याचं शास्त्रीय नाव ट्रेरॉन, आणि ट्रॉयची कथा सांगणाऱ्या होमर कवीच्या ग्रीकमध्ये ट्रेरॉन हे कबुतराचं विशेषण, अर्थ भित्रं. दगडांच्या देशा वगैरे म्हणणाऱ्यांनी आपापसात काय ते ठरवावं, मी पालथा माणूस आहे.

कोंबड्याचा विषय मात्र त्यांनी फारच ताणला. अलेक्त्रुऑन म्हणजे कोंबडा आणि अलेक्त्रुऑन म्हणजेच कोंबडीसुद्धा. यावरून ॲरिस्टोफेनिसच्याच आणखी एका नाटकात, इ.स.पू. 423 च्या, सॉक्रेटिस एका कर्जबाजारी म्हाताऱ्याला झापतो की नराला आणि मादीला एकच शब्द कसा वापरतोस रे, नर तो अलेक्तोर आणि मादी ती अलेक्त्रुआयना. म्हातारा आलेला असतो सावकारांना कसं टांगायचं ते शिकायला, पण एवढ्यावरच खूश होऊन म्हणतो, या एका धड्यासाठी तुमची परात पिठाने भरून देतो. क्लासवाल्यांना असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

ही झाली नाटकातली टवाळी. खऱ्या सॉक्रेटिसने इ.स.पू. 399 मध्ये विष प्यायल्यावर जे शेवटचं वाक्य मित्राला, क्रिटोला, म्हटल्याचं त्याचा शिष्य प्लेटो सांगतो त्यातही कोंबडाच आहे, की क्रिटो, आपण अस्क्लेपिअसचं एक कोंबडं देणं लागतो, विसरू नकोस. अस्क्लेपिअस म्हणजे वैद्यकीचा देव, बरं वाटलं की लोक त्याला कोंबडा वाहायचे. हे वाचून मी भारावून मालवणच्या मामीला फोन लावला आणि सॉक्रेटिसचं सगळं सांगितलं. मामीला काहीच नवल वाटलं नाही. तिने मी पडलो त्याच दिवशी राखणदाराला, म्हणजे गावच्या रक्षक देवाला, परस्पर बोलून टाकलं होतं, ह्याचा हाड बरा होऊ दे, कोंबो देतंव. मी म्हटलं, मामी, कोंबो का कोंबी, नीट सांग, ग्रीकमध्ये यावरून फार घोळ आहे.

"कोंबो!" मामी ओरडली. "कोंबी चालना नाय. आणि पैसे आजच धाड, बाजारात महाग झालेत."