‘हिरवा गंज म्हणजे जुना दिवा’ हे साफ चूक आहे

आषाढ लागून दिव्याची अवस जवळ आली की एक मजकूर मोबाईलवर फिरायला लागतो. यंदा तो मला सोलापुरातल्याच चार ग्रुपांवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दिव्यावर हिरवा गंज असेल तर तो शंभर वर्षांचा, चुंबक चिकटला नाही तर अस्सल, जितका जड तितका जुना, चिंचेने लाल पडला तर पंचधातूचा, ‘जर्मनी’ लिहिलेला कंदील पेशवेकालीन, आणि अशा दिव्याला परदेशात लाखोंचा भाव. हे वाचून आमच्या शेजारच्या मावशींनी एक ‘जुनी’ समई नऊ हजाराला घेतली. ती मी हातात घेऊन पाहिली, म्हणून हे लिहितोय.

आधी हिरवा गंज. तांबं असलेल्या कुठल्याही धातूवर तो येतो, आणि मुद्दाम आणायचा तर काही दिवस पुरतात. कल्हईवाले वापरतात तो नवसागर, मीठ आणि व्हिनेगर एवढ्यावर काम भागतं. मावशींच्या समईवर हा हिरवा थर बैठकीवर, दांड्यावर, अगदी हाताने धरायच्या जागीही सारखाच होता. रोज उचलली जाणारी वस्तू अशी गंजत नाही.

मुळात आपल्या घरातला दिवा हिरवा राहीलच कसा? दिव्याच्या अवसेला घरातले सगळे दिवे चिंच आणि राख लावून घासायचे, पाटावर मांडून पुजायचे, ही आपली रीत. पूजेत असलेल्या समईने शंभर वर्षांत शंभर अवसा तर नक्कीच पाहिल्या, शिवाय सणवार वेगळे. म्हणून मी गंज बघतच नाही, झीज बघतो. वरच्या मोराची चोच बोथट झालेली असते, पिसांच्या रेघा बोटाला जेमतेम लागतात. दीपलक्ष्मी असेल तर तिचं नाक आणि गाल गुळगुळीत, पण बोटं पोचत नाहीत त्या पाठीमागच्या निऱ्या अजून ठसठशीत. ही झीज हात आणि राख जिथे पोचतात तिथेच असते. नकली दिव्यात एक तर ती नसते, नाहीतर कानस फिरवून सगळीकडे एकसारखी केलेली असते. मावशींच्या समईत मोराच्या पोटाखाली कानशीचे ओरखडे भिंगाविनाही दिसत होते.

दुसरी खूण तेलाची. आपल्या भागात करडी भरपूर, आणि करडईचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. वर्षानुवर्षं जळलेल्या दिव्याच्या सांध्यांत, वात ठेवायच्या चोचींच्या खालच्या बाजूला त्याचा तपकिरी, कडक थर बसतो. तो नखाने निघत नाही. वरून फासलेलं काजळ मात्र तेलाच्या बोळ्याने पुसलं जातं. ही परीक्षा मी दुकानात सगळ्यात आधी करतो.

चुंबकाचं सोपं आहे. पितळ, कांसं, तांबं यांना चुंबक चिकटत नाहीच, मग दिवा कालचा असो की आजोबांच्या काळातला. चिकटला तर आत लोखंड आहे एवढं कळतं. वजनाचंही तसंच. पितळ आजही किलोवर विकलं जातं, जाड ओतीव दिवा नवाही असू शकतो.

चिंचेने लाल पडण्याचा पंचधातूशी काही संबंध नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात बराच वेळ ठेवलं तर वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांब्याची लाली दिसते. परीक्षा म्हणून दिवा असा भिजत ठेवू नका. त्याच्या अंगावरचा पुरावाच त्यात धुऊन जातो.

पेशवेकालीन कंदिलाबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. पेशवाई १८१८ साली संपली. रॉकेलवर जळणारे दिवे जगात आले ते १८५० नंतर. तेव्हा रॉकेलचा कंदील पेशव्यांच्या वाड्यात असणं शक्यच नाही. त्यावर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो १९४९ ते १९९० या काळातला, कारण त्या नावाचा देश तेवढाच काळ होता. आणि जर्मन शिक्क्यामागे धावताना आपण कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील भंगारात घालतो, याचं मला फार वाईट वाटतं. जमवायचा तर तो जमवा.

कोरलेल्या सालावरही असाच घोळ होतो. एका दिव्यावर ‘शके १६७४’ होतं आणि तो राज्याभिषेकाच्या वर्षाचा म्हणून दाखवत होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे हे १७५२ झालं. राज्याभिषेक शके १५९६ चा. शिवाय अक्षरं विजेच्या पेनाने कोरलेली, एकसारख्या उथळ रेघेची. छिन्नीने ठोकलेल्या जुन्या अक्षरात प्रत्येक ठोक्याचा खड्डा वेगळा दिसतो. आपल्याकडे भांड्यांवर कानडी, तेलुगू नावंही असतात, ती वाचता येणाऱ्याला सोबत न्या.

राहिला परदेशातला भाव. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे दिवा खरा जुना असेल तर तो भाव बेकायदा, आणि नकली असेल तर भावच खोटा. विकणारा परदेशी गिऱ्हाइकाचं नाव काढायला लागला की तिथून उठा.

मावशी समई परत करायला गेल्या, पण विक्रेत्याने ती घेऊन पैसे दिले नाहीत. यंदाच्या अवसेला त्या ती घासणार आहेत. त्यांच्या आजेसासूबाईंचं निरांजन, जे त्यांनी ‘चकचकीत आहे, म्हणजे नवं’ म्हणून माळ्यावर टाकलं होतं, ते आम्ही काल खाली काढलं. त्याची कड एका बाजूने बोटाएवढी झिजलेली आहे.