अंतराळ स्थानकाआधी चौकशीचा कायदा हवा

२०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक उभारायचे आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा, ही उद्दिष्टे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केली. त्यांना माझा विरोध नाही. गरीब देशाला हे चोचले कशाला, हा युक्तिवादही मला कधी पटलेला नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. माणूस अंतराळात पाठवण्याचे आणि पुढे त्याला तिथे महिनोन् महिने राहायला ठेवण्याचे धोरण आपण आखत आहोत, पण तिथे काही विपरीत घडले तर त्याची चौकशी कोणी करायची, ती करणाऱ्याला कोणाचे अभय असेल आणि अहवाल कोणापुढे ठेवायचा, हे ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही.

हे आताच लिहिण्याचे कारण पीएसएलव्ही आहे. १८ मे २०२५ रोजी या आपल्या सर्वांत भरवशाच्या प्रक्षेपकाचा तिसरा टप्पा बिघडला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गेला. या टप्प्यात घन इंधन असते. ज्या तंत्राचा पाया आपल्याकडे घालणाऱ्यांत डॉ. वसंत गोवारीकर होते, तेच हे तंत्र. समिती नेमली गेली, अहवालही तयार झाला, पण तो जनतेपुढे आला नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुढचे उड्डाण झाले आणि तेही तिसऱ्याच टप्प्यात फसले. या वेळी सरकारी उपग्रहासोबत देशी नवउद्योगांचे आणि परदेशी ग्राहकांचे छोटे उपग्रहही होते. पहिल्या बिघाडाचे नेमके कारण काय होते आणि ते दूर झाले होते का, हे विचारण्याचा अधिकार त्या ग्राहकांना नव्हता काय? आणि ज्यांच्या करातून हा खर्च होतो त्यांना?

चांद्रयान-२ च्या वेळीही असेच झाले. सप्टेंबर २०१९ च्या त्या रात्री पंतप्रधानांनी इस्रोच्या अध्यक्षांना मिठी मारून धीर दिला. ते दृश्य देशाने पाहिले आणि त्यात गैर काहीच नव्हते. चंद्रावर उतरणारे विक्रम हे यान का कोसळले याचे अधिकृत उत्तर मात्र नोव्हेंबरमध्ये लोकसभेतील एका लेखी उत्तरातून मिळाले. सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून ७.४ किलोमीटरपर्यंतचा पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे पार पडला आणि वेग सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला. पुढच्या टप्प्यात मात्र तो अपेक्षेपेक्षा अधिक घटला, एवढेच त्यात सांगितले होते. चौकशी समितीचा पूर्ण अहवाल संसदेने पाहिला नाही, आणि खेदाची बाब अशी की विरोधी पक्षांनीही तो नेटाने मागितला नाही.

आता अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या कोलंबिया अंतराळयानाकडे पाहू. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या सुमारास बाहेरच्या टाकीवरील फोमचा पाऊण किलोचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. पंखाची छायाचित्रे लष्करी यंत्रणांकडून मिळवावीत, अशी विनंती अभियंत्यांकडून तीनदा झाली, पण व्यवस्थापनाने ती पुढे जाऊ दिली नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. चौकशी मंडळ नेमले ते नासानेच. त्यावर नासाचा वरचष्मा राहील अशी टीका अमेरिकी काँग्रेसमधून झाली, तेव्हा मंडळाचे अधिकारपत्र बदलावे लागले. फोमसारखी हलकी वस्तू पंख फोडू शकत नाही, असे म्हणणारे तोवरही होतेच. म्हणून मंडळाने जुलैमध्ये टेक्सासातील सॅन अँटोनिओ येथे ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने तसाच तुकडा पंखाच्या खऱ्या भागावर डागला, आणि सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचे भगदाड पडले. वाद तिथेच मिटला. ऑगस्टमध्ये अहवाल जाहीर झाला. नासाची कार्यसंस्कृती ही फोमइतकीच या अपघाताला कारणीभूत आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. त्या अहवालानंतर बुश यांनी २०२० पर्यंत पुन्हा चंद्रावर जाण्याची घोषणा केली आणि २०१० मध्ये ओबामा यांनी ती योजना गुंडाळली. घोषणा राष्ट्राध्यक्षांबरोबर येतात आणि जातात. अहवाल मात्र आजही कोणालाही वाचता येतो.

आपल्याकडे इस्रोचे अध्यक्ष हेच अंतराळ विभागाचे सचिव आणि अंतराळ आयोगाचेही अध्यक्ष असतात, आणि हा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत येतो. खासगी कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्थाही याच विभागाच्या छत्राखाली आहे. म्हणजे ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासायचा. गंमत अशी की रेल्वेच्या बाबतीत ही अडचण आपण स्वातंत्र्यापूर्वीच ओळखली होती. अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त १९४१ पासून रेल्वे बोर्डाच्या बाहेर आहेत आणि आज ते नागरी उड्डाण मंत्रालयाकडे येतात, कारण रेल्वेची चौकशी रेल्वेच्याच नोकराने करू नये.

इस्रोची अंतर्गत चौकशी तांत्रिकदृष्ट्या उत्तम असते, हे मला मान्य आहे. चांद्रयान-३ साठी उतरण्याचे क्षेत्र अर्धा बाय अर्धा किलोमीटरवरून चार बाय अडीच किलोमीटरच्या आसपास वाढवले, यानाचे पाय मजबूत केले आणि २३ ऑगस्ट २०२३ ला यश मिळवले, ते या चौकशीच्या बळावरच. पण तेव्हा आत माणूस नव्हता. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना 'आमची समिती समाधानी आहे' एवढे सांगून भागणार नाही.

चौकशीची शास्त्रज्ञांना वाटणारी भीतीही मी समजू शकतो. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना नोव्हेंबर १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. ते आरोप निराधार असल्याचे सीबीआयने १९९६ मध्ये सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई द्यायला लावली ती २०१८ मध्ये. जून २०२३ मध्ये बालासोरच्या रेल्वे अपघातात २९० हून अधिक माणसे गेली, तेव्हा सुरक्षा आयुक्तांची चौकशी सुरू असतानाच सीबीआयला आणले गेले आणि तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना अटक झाली. कारण शोधणारा आणि बेड्या घालणारा एकाच वेळी दारात उभे राहिले, तर कोणता अभियंता 'हा सांधा मला आधीपासून कच्चा वाटत होता' असे तोंडातून काढेल? सत्तेत कोणीही असो, आपल्या राजकारणाला चौकशी हवी असते ती कोणाला तरी अडकवण्यासाठी, आणि स्वतःवर शेकण्याची शक्यता दिसली की तीच गोपनीय होते.

अंतराळ उपक्रम विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला होता, पण त्याचा कायदा अजून झालेला नाही. २०२३ चे अंतराळ धोरण आले, पण धोरण न्यायालयात कोणाला बांधत नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी कंपन्यांच्या अंतराळातील उद्योगांची जबाबदारीही आपल्या देशावरच येते, त्यामुळे हा कायदा आज ना उद्या करावाच लागणार आहे. तो करताना अंतराळ विभागाबाहेरचे कायमस्वरूपी चौकशी मंडळ त्यात असावे; साक्षीदार अभियंत्याचा जबाब त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येऊ नये; आणि लष्करी तपशील वगळून अहवाल ठरावीक मुदतीत संसदेच्या पटलावर यावा. भारतीय माणसाला अंतराळात नेणाऱ्या गगनयान मोहिमेचा खर्च आता वीस हजार कोटींवर गेला आहे आणि त्याला संसदेतील सर्वच बाकांवरून पाठिंबा आहे, तेव्हा या तीन कलमांवर मतभेद व्हायला कारण दिसत नाही. माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना मी हेच पत्राने कळवतो आहे. ते कोणत्या पक्षाचे आहेत, हे मुद्दाम लिहीत नाही.