‘बाटली टाका, 5 रुपये मिळवा’: फिरत्या मेसेजमधला एकेक दावा

छत्रपती संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यातले दावे असे: रिकामी बाटली परत घेऊन 5 रुपये देणं दुकानदाराला कायद्यानं बंधनकारक आहे, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनमध्ये कोणतीही बाटली टाकली की पैसे मिळतात, बाटली घरूनच चेपून न्यावी, आणि मशीन बसली की भंगारवाल्याची गरज नाही. हा मेसेज वाचून लोक किराणा दुकानदाराशी हुज्जत घालायला लागलेत, म्हणून हे सविस्तर.

‘दुकानदाराला बंधनकारक आहे’

नाही. केंद्राच्या 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांना फेब्रुवारी 2022 मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीच्या मार्गदर्शक सूचना जोडल्या गेल्या. त्यात कडक प्लास्टिक, म्हणजे बाटल्याही, पहिल्या गटात येतं. पुनर्चक्रणाचं किमान प्रमाण 2024-25 साठी 50 टक्के आणि 2027-28 पासून 80 टक्के आहे. हे ओझं उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांवर आहे, कोपऱ्यावरच्या दुकानावर नाही. अनामत घेऊन परत देण्याची योजना कंपन्या राबवू शकतात, एवढंच त्यात म्हटलंय. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याचं प्रमाणपत्र घेऊनही कंपनीचं उद्दिष्ट पूर्ण होतं.

मेसेजचं मूळ बहुधा महाराष्ट्राच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेत असावं. तिच्यात लिटरच्या बाटलीला 1 रुपया आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीला 2 रुपये परतावा ठरला होता. त्याच वर्षी अधिसूचनेत दुरुस्त्या झाल्या, आणि दुकानादुकानांत तो परतावा काही सुरू झाला नाही. 5 रुपये तर तिथंही नव्हते.

‘मशीन पैसे देते’

मशीन फक्त तुमचेच पैसे परत देऊ शकते. लग्नात 20 लिटरचा पाण्याचा जार आणताना आपण डिपॉझिट ठेवतो आणि जार परत केला की ते मिळतं, तोच हिशोब. जर्मनीत 2003 पासून एकदा वापरायच्या बाटलीवर 25 सेंट विक्रीच्या वेळीच घेतले जातात. तमिळनाडूत सरकारी दारू दुकानांनी बाटलीमागे 10 रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली आली की परत द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या साध्या पाण्याच्या बाटलीवर विकताना अनामत घेतलेलीच नसते, मग परत काय देणार? रेल्वे स्टेशनांवर बसवलेली यंत्रं मुख्यतः बाटलीचा चुरा करणारी आहेत. कूपन मिळालं तर ती जाहिरातदाराची सवलत, कायद्यानं मिळालेला हक्क नाही.

‘चेपून न्या’

परतावा देणाऱ्या मशीनला हे अजिबात चालत नाही. बाटली आत गेली की ती फिरवून बारकोड वाचला जातो, मग आकार आणि वजन तपासलं जातं. हे जुळलं तरच बाटली आत घेतली जाते. चेपलेल्या बाटलीचा किंवा लेबल काढलेल्या बाटलीचा बारकोड वाचता येत नाही. आत दोन घोट पाणी राहिलं तर वजन जुळत नाही. म्हणून तिथं बाटली अख्खी, रिकामी आणि लेबलसकट टाकायची.

भंगारात द्यायची असेल तर नेमकं उलट. झाकण काढा, पाणी निथळू द्या, मग चेपा. झाकण लावलेलं राहिलं तर आत हवा अडकते आणि जागा वाया जाते.

लेबलचा प्रश्न मात्र लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या हलक्या प्लास्टिकचं असतं. ते पाण्यावर तरंगतं, त्यामुळे धुण्याच्या टाकीत आपोआप वेगळं होतं. पण बाटलीवर घट्ट बसवलेलं वेष्टण पीव्हीसी या प्लास्टिकचं असेल तर ते पीईटीसारखंच, म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकसारखंच, बुडतं. पीईटी साधारण 250 ते 260 अंशांना वितळतं. त्या उष्णतेत पीव्हीसीमधून आम्लवायू सुटतो आणि थोड्याशा पीव्हीसीनंही सगळा माल पिवळा पडतो. म्हणून असं वेष्टण भंगारात देण्याआधीच कापून काढावं. ज्यूसचे कागदी खोके तर यात टाकूच नयेत. त्यांत कागद, पॉलिथिन आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात.

‘भंगारवाल्याची गरज नाही’

हा दावा सगळ्यात घातक. लिटरच्या रिकाम्या बाटलीचं वजन साधारण 20 ग्रॅम, म्हणजे किलोला 50 बाटल्या. न चेपलेल्या अशा बाटल्या एक घनमीटर जागेत 20 किलोही बसत नाहीत. म्हणजे मशीनचा डबा भराभर भरतो आणि तो दिवसातून किती वेळा रिकामा होतो यावरच ती चालते की बंद पडते हे ठरतं. नवरात्रात तुळजापुरात किंवा सुट्टीच्या दिवशी वेरूळला ते कुणी करायचं? त्यात भारनियमन झालं की मशीन बंद, आणि बाटल्या तिच्याच पायाशी.

आज या बाटल्या उचलतात त्या कचरावेचक बाया आणि भंगार दुकानं. बिअरच्या काचेच्या बाटल्याही धुऊन पुन्हा भरल्या जाव्यात म्हणून कारखान्याकडे परत पाठवणारी साखळी भंगारवाल्यांचीच आहे. हे काम तोडणारी मशीन नको. वेचकांना बाटल्या काट्यावर वजनानं देता येतील अशी खिडकी मशीनशेजारी हवी.

तुमच्या नगरपालिकेत मशीनचा ठराव आला तर सभेत चार गोष्टी लेखी मागा: डबा किती लिटरचा आणि तो कोण, किती वेळा रिकामा करणार, वीज गेली तर बॅटरी किती तास चालणार, माल कोणत्या नोंदणीकृत कारखान्यात जाणार, आणि परताव्याचे पैसे कोणत्या खात्यातून येणार.