वॉट सोडून काहीतरी सांगा हो!

आज पुन्हा नागपूरच्या बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, हात हलवत परत आलो. डोकं अजून तापलेलं आहे म्हणूनच लिहून राहिलो. मागणी काय होती माझी? साडेसहा इंची वूफरची, म्हणजे बासच्या स्पीकरची, एक जोडी आणि त्या वूफरचे तीन आकडे. उधारी मागितली नव्हती, भावही पाडून मागितला नव्हता. फक्त विचारलं, "भाऊ, याचा एफएस किती, क्यूटीएस किती, व्हीएएस किती?" काउंटरमागचा माणूस म्हणाला, "ते सोडा ना भाऊ, वॉट किती पाहिजे ते सांगा."

वॉट! बर्डीपासून इतवारीपर्यंत कुठेही जा, स्पीकरचा एवढा एकच गुण लोकांना ठाऊक आहे. दोनशे वॉट, पाचशे वॉट, हजार वॉट. कोण मोजतं हे वॉट? कुठे मोजतं? एका तयार सेटच्या खोक्यावर ५००० वॉट पीएमपीओ (म्हणे क्षणभराची कमाल पॉवर) छापलं होतं. त्याच खोक्यातल्या अडॅप्टरवर काय लिहिलं होतं? १२ व्होल्ट, २ अँपियर. म्हणजे २४ वॉट. आत २४ जातात आणि बाहेर ५००० निघतात, हे छापताना कोणाला काहीच वाटत नाही? आणि विकणाऱ्याला, विकत घेणाऱ्यालाही वाटत नाही?

मी स्पीकर घरी बनवतो. पेटी स्वतः आखतो, क्रॉसओव्हर (बास एका स्पीकरला आणि बारीक आवाज दुसऱ्याला वाटून देणारं सर्किट) स्वतः जोडतो, वाजवून पाहतो, खोलतो, पुन्हा बदलतो. हौस आहे, आणि त्या हौसेपायी खर्च करायला माझी कधीच ना नाही. पण पेटी आखायची तर वूफरचे आकडे लागतात, त्याला दुसरा इलाज नाही. एफएस म्हणजे वूफर मोकळा असताना त्याचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) ज्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून डोलतो ती. क्यूटीएस म्हणजे त्या डोलण्याचा लगाम किती ढिला आहे. व्हीएएस म्हणजे कोनाच्या सस्पेन्शनइतकी (कोन धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगसारख्या पकडीइतकी) लवचीक हवा किती लिटर भरेल. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थीलने १९६१ मध्ये हे गणित मांडलं आणि रिचर्ड स्मॉलने १९७२-७३ मध्ये ते पूर्ण बांधून काढलं. पन्नास वर्षं उलटून गेली. तेव्हापासून जगात कोणालाही पेटी अंदाजपंचे बनवायची गरज राहिलेली नाही. आमच्याकडे मात्र अजूनही "दीड फुटाची बनवून टाका, मस्त वाजते" हेच गणित.

आता "फरक काय पडतो?" म्हणणाऱ्यांसाठी हिशेबच मांडतो. समजा वूफरचा व्हीएएस ३० लिटर आहे आणि क्यूटीएस ०.४. बंद पेटीत एकूण क्यू (म्हणजे पेटीत बसवल्यावर क्यूटीएस वाढून होतो तो आकडा) ०.७०७ आला की बास सपाट आणि नेटका येतो. त्यासाठी पेटी लागते साधारण १४ लिटरची. आता व्हीएएस तोच ठेवा आणि क्यूटीएस फक्त ०.५५ करा. पेटी किती लागेल? ४६ लिटर! तिप्पटीहून जास्त! समोर ठेवले तर दोन्ही वूफर सारखेच दिसतील. तेच साडेसहा इंच, तोच काळा कोन, तसाच रबरी काठ. आणि क्यूटीएस ०.८ निघाला, तर खोलीएवढी पेटी करा, ०.७०७ कधीच येणार नाही, कारण बंद पेटीत क्यू चढतोच, उतरत नाही. मग डग्ग्याची घसरत जाणारी मींड ऐकायला बसावं आणि नुसतं धप-धप-धप ऐकू यावं. तबलजीने मनगटाने दाबून काढलेला स्वर कुठे गेला? त्या न सांगितलेल्या आकड्यात गेला.

पण दुकानात हे बोलायची सोय नाही. "मॅग्नेट पाहा ना भाऊ, किती वजनी आहे." अरे, वजनाने काय कळतं? चष्म्याचा नंबर न सांगता "काच चांगली जाड आहे, घेऊन जा" म्हणण्यातला प्रकार आहे हा. दुसरा म्हणतो, "वाजवून दाखवतो," आणि डीजेचं गाणं लावून आवाज शेवटापर्यंत चढवतो. शटर थरथरतं, शेजारचे दुकानदार डोकावतात, आणि हा माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहतो. मला शटर नाही हलवायचं! मला रात्री खोलीत बसून तानपुऱ्याची जवारी ऐकायची आहे. मिरवणुकीत लागतं तेच सगळ्यांना लागतं, हे कोणी ठरवलं? सेन्सिटिव्हिटी विचारली, तर पुन्हा वॉटच. एका वॉटला एका मीटरवर ८४ डेसिबल देणारा आणि ९० डेसिबल देणारा, या दोघांना सारखा आवाज काढायला चौपट पॉवरचा फरक लागतो. म्हणजे तुमच्या त्या लाडक्या वॉटलासुद्धा या आकड्याशिवाय काही अर्थ नाही. हे विकणाऱ्यालाच माहीत नसेल, तर तो नेमकं काय विकतो आहे?

सगळ्यात संताप आणणारं वाक्य म्हणजे, "आजपर्यंत कोणीच नाही विचारलं भाऊ, तुम्हीच विचारून राहिले." कोणी विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही का?

यावर लोक शहाणपण शिकवतात की आकडे घरी मोज. मोजतो ना! शंभर ओमचा एक रेझिस्टर, साउंडकार्ड आणि लॅपटॉप एवढ्यात इम्पिडन्सचा (कोणत्या फ्रिक्वेन्सीला वूफर करंट किती ओम अडवतो त्याचा) आलेख निघतो. कोनावर वजन करून घेतलेली मातीची गोळी चिकटवली की एफएस किती उतरतो त्यावरून व्हीएएसही काढता येतो. पण मोजायला आधी विकत घ्यावा लागतो, आणि भिंतीवर पाटी असते, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." याच महिन्यात घेतलेल्या जोडीची गोष्ट ऐका. दोन्हींच्या पाठीवर ८ ओम छापलेलं. आठ ओमच्या वूफरची कॉइल मल्टिमीटरवर सहाच्या आसपास दाखवते, ते ठीक. एकाने दाखवले ६.१. दुसऱ्याने दाखवले ३.४! म्हणजे दुसरा सरळ सरळ ४ ओमचा, वर ८ चा शिक्का मारलेला. एफएस एकाचा ५८, दुसऱ्याचा ७१. याला जोडी म्हणायचं? डावीकडे एक आणि उजवीकडे दुसराच प्राणी बसवून गायिकेचा आवाज मधोमध उभा राहील का? परत घेऊन गेलो तर म्हणे, "वाजते आहे ना? मग काय प्रॉब्लेम आहे?" दुरुस्तीवाल्या एका ओळखीच्या दादांनी तर वर समजूत घातली, "काहून एवढं खोलात जाता, दोन ओमनं काही होत नाही." होतं! एक वाहिनी ८ ची आणि एक ४ ची, मग अँप्लिफायरकडून तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट एकाच बाजूने ओढला जातो. कसं होत नाही?

पेटीच्या लाकडाचंही तेच. लकडगंजात १८ मिलिमीटर प्लाय मागितला. शीटवर शिक्का १८ चा, पैसे १८ चे. घरी कॅलिपर लावला तर १५.८. आठ बाय चारची शीट, ३२ चौरस फूट, आणि त्यातलं आठव्या हिश्शाचं लाकूड हवेतच. विचारलं तर उत्तर तयार, "कंपनीचा अठरा असाच येतो." कंपनीचा अठरा वेगळा आणि शाळेत शिकवलेला अठरा वेगळा? प्लायला आयएस ३०३ आहे, मरीन प्लायला आयएस ७१० आहे, सगळी मानकं लिहून ठेवलेली आहेत, आणि तरी दुकानात जाड, मध्यम, पातळ एवढीच भाषा चालते. या दोन मिलिमीटरने काय होतं तेही सांगतो. पेटीची बाहेरची रुंदी २०० धरली, दोन बाजूच्या फळ्यांचे १८-१८ वजा करून आतल्या फळ्या १६४ च्या कापल्या. बाजू निघाल्या १५.८ च्या. जोडल्यावर रुंदी भरली १९५.६, आणि समोरची २०० ची फळी साडेचार मिलिमीटर बाहेर. आता ती तासा, नाहीतर सगळं पुन्हा कापा. मिस्त्रीवर माझा फार राग नाही. तो दारं-खिडक्या उत्तम बसवतो, त्याच्या हातात कसब आहे आणि सांगितलं तर ऐकतो. फट राहिली तिथे भुसा आणि फेविकॉल भरून त्याने शक्य तेवढं सावरलं. बंद पेटीत केसाएवढी फट राहिली तरी बासच्या प्रत्येक ठोक्याला तिथून हवा फुसफुसते, हे एकदा समजावल्यावर त्याने स्वतः हात फिरवून सगळे सांधे तपासले. त्याच्या हाती खोटा अठरा देणाऱ्याला मात्र मी सोडणार नाही. त्या प्लायवाल्यानेच नंतर "एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) घ्या, पाण्याने काही होत नाही" म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला. नागपूरच्या मे महिन्यात ज्या खोलीत दिवसभर कूलरची ओली हवा फिरते, तिथे उघड्या कडांचा साधा एमडीएफ ठेवून दाखवा आणि त्या कडा कशा फुगतात ते पाहा.

"मग ऑनलाइन मागव ना बाहेरून," हाही सल्ला मिळतो. मागवतो कधीकधी. डेटन ऑडिओ, एसबी अकूस्टिक्स, स्कॅनस्पीक यांच्या प्रत्येक ड्रायव्हरची (म्हणजे सुट्या स्पीकरची) डेटाशीट आहे. इम्पिडन्सचा आलेख, फ्रिक्वेन्सीचा आलेख, एफएस, क्यूटीएस, व्हीएएस, सगळं न विचारता समोर ठेवलेलं. पण कुरिअर आणि कस्टम्स धरून किंमत कुठच्या कुठे जाते. आणि मुळात का म्हणून? स्पीकरचा कोन इथे चिकटवला जातो, कॉइल इथे गुंडाळली जाते, माणसं इथलीच. गुंडाळणाऱ्याला मोजता येत नाही असं मला कोणी सांगू नये.

कारण आमच्याच बाजारात खरा आकडा मिळतोसुद्धा! ट्वीटरसाठी (बारीक, उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरसाठी) ३००० हर्ट्झला साधा पहिल्या ऑर्डरचा, म्हणजे नुसत्या कपॅसिटरचा, फिल्टर करायचा तर ८ ओमला साधारण ६.६ मायक्रोफॅरड लागतात. मी चक्क छताच्या पंख्याचे कपॅसिटर वापरतो. एक २.५ चा, एक ४ चा, समांतर जोडले की ६.५. आतून पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे या कामाला अगदी योग्य. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, बरणीत पडलेले. आणि त्या चिमुकल्या डबीवर काय छापलेलं असतं? मायक्रोफॅरड किती, व्होल्ट किती, अधिक-उणे ५ टक्के. मीटर लावला की आकडा त्याच हद्दीत येतो! पंखा हळू फिरला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन भांडतं, म्हणून तिथे आकडा खरा ठेवावाच लागतो. त्याच्या कितीतरी पट महाग वूफर विकताना मात्र पाठीवर खोटा ओम आणि पोटात काहीच नाही. आणि तो ट्वीटरही ८ म्हणून ४ चा निघाला की त्याच कपॅसिटरने क्रॉसओव्हर ३००० वरून ६००० वर जाऊन बसतो. मधला सगळा भाग, जिथे जवारीची चमक असते, शब्दांची धार असते, तो खड्ड्यात. एक खोटा आकडा शेवटी कानापर्यंत असा पोहोचतो.

दुकानदारांना माझं म्हणणं सरळ आहे. कारखानदाराकडे डेटाशीट मागा. तो देत नसेल तर काउंटरवर एक जुना लॅपटॉप आणि एक रेझिस्टर ठेवा, गिऱ्हाइकासमोर मोजा आणि चिठ्ठीवर लिहून द्या. जोडीमागे शंभर-दोनशे जास्त घ्या, मी हसत देईन. खराब आकडे निघाले तरी घेईन, कारण खराब पण खऱ्या आकड्यावर पेटी बनवता येते.

आणि ती ६.१ आणि ३.४ वाली जोडी मी गिळून गप्प बसणार नाही. त्या दिवशी "बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील" म्हणाले होते. दिले मी १८ टक्के, बिल फाडायला लावलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भिंतीवरची पाटी त्या कायद्यापेक्षा मोठी नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. सोमवारी दुकान उघडलं की दोन्ही वूफर, बिल, मल्टिमीटर आणि दोन्ही आलेखांची प्रिंट घेऊन जाणार आहे. काउंटरवर त्यांच्याच हाताने मोजायला लावणार, आणि तो ३.४ त्यांनीच मोठ्याने वाचायचा.