दार लोटून दोन प्रश्न

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सध्या एकच वाद पेटलाय. लिंगाच्या ताठरतेसाठीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या फार्मसींवर कारवाई करा, असं काही जण म्हणतात. बाकीचे विचारतात, डॉक्टरसमोर तोंड उघडायची लाज वाटते, मग माणसाने जायचं कुठे?

मी इंग्लंडात, स्विंडनला राहतो. इथे 2018 पासून सिल्डेनाफिल या ताठरतेच्या औषधाची 50 मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. पण फार्मासिस्ट आधी बाजूच्या खोलीत नेऊन विचारतो : छातीत दुखतं का? हृदयाची औषधं चालू आहेत का? जिना चढताना धाप लागते का? उत्तरांत काही खटकलं तर गोळी मिळत नाही, डॉक्टरकडे पाठवतात.

गेल्या चतुर्थीला घरी गेलो, तेव्हा आतेभावाने खिशातून कातरीने कापलेला पट्टीचा तुकडा काढून दाखवला. ताठरतेच्या दोन गोळ्या. नाव अर्धंच, मुदतीची तारीख कापून गेलेली. आणि त्याच खिशात सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रेट गटातलं हृदयाचं औषध, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला! माझे हातपाय गार पडले. ताठरतेची गोळी आणि नायट्रेट एकत्र पोटात गेली की रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास आणि त्याच प्रकारच्या टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट चालत नाही. काउंटरवर, पाठीमागे वाड्यावरची चार माणसं उभी असताना, हे दादाला कोण विचारणार होतं?

आपल्याकडे कायद्याने चिठ्ठी लागतेच आणि ती लागावीच, असं माझं मत आहे. पण चिठ्ठी लिहिणाऱ्यानेही विचारायला हवं ना! 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक निघालं, 26.4 टक्के. मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, ताठरता जाते. कधी कधी हृदयविकाराची तीच पहिली खूण असते. साखर दाखवायला आलेल्या पुरुषाला डॉक्टरांनी आपणहून हा एक प्रश्न विचारावा. फार्मसीतही एक पडदा आणि एक खुर्ची ठेवायला फारसा खर्च येत नाही.

दादाला मी त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गोळ्यांचा तुकडा त्यांनी टेबलावर ठेवून घेतला, उठून दार लोटलं आणि विचारलं, "कधीपासून?" मग दादा जो बोलायला लागला, तो थांबेचना.