एका बोटीत दोन मोटरी

माझी रिमोटवरची बोट एका मोटरवर छान पळत होती. कुठलीही तक्रार नव्हती. तेच मला सहन झालं नसावं, म्हणून मी तिच्यात दोन ब्रशलेस मोटरी बसवायला घेतल्या.

पहिला साक्षात्कार असा की मोटरी दोन म्हणजे ईएससीही दोन. (ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर.) सेन्सर नसलेल्या मोटरच्या तारांतून उलट येणाऱ्या व्होल्टेजवरून ईएससी तिचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, कुठवर आला ते ताडतो. दोन मोटरी एकदम बोलायला लागल्या की बिचाऱ्याला एकीचंही धड ऐकू येत नाही.

दोन ईएससी आले आणि आपापला बीईसी घेऊन आले. बीईसी हा ईएससीतलाच एक भाग, तो लाल तारेतून रिसीव्हरला (रिमोटचा हुकूम ऐकणाऱ्या डबीला) साधारण ५ व्होल्ट पुरवतो. एका म्यानात दोन तलवारी नकोत, म्हणून दोघांपैकी एकाची लाल तार प्लगमधून काढून टेपने गुंडाळायची. मी काढली, गुंडाळली. दुसऱ्या दिवशी वाटलं, अरे, ती तार काढायची राहिलीच की! समोर आलेल्या ईएससीची काढली. तो दुसरा होता. पुढचा तासभर मी रिसीव्हर मेला म्हणून सुतकात बसलो होतो.

सोल्डरिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की बोटं पोळतात. मोटरींच्या सहा तारा, ईएससींच्या सहा, एकूण बारा बुलेट कनेक्टर. प्रत्येकावर श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी) हवी आणि काही कनेक्टरांवर ती सोल्डर करण्याआधीच तारेत ओवावी लागते. हे ज्ञान मला दर वेळी सोल्डर थंड झाल्यावर होत असे.

बॅटऱ्या दोन, तीन-तीन सेलच्या, ११.१ व्होल्टच्या. त्या समांतर जोडायच्या. एकसर जोडल्या तर २२.२ व्होल्ट होतात आणि माझ्या ईएससींचा थेट धूर. इथे मात्र मी चार वेळा तपासून जोडलं. (एवढं शहाणपण वर्षातून एकदा येतं, ते त्या दिवशी खर्च झालं.)

कारण पुढे दिशेचा घोळ होता. दोन्ही पंखे एकमेकांविरुद्ध फिरायला हवेत, म्हणजे बोट एका बाजूला ओढत नाही. माझ्या मोटरी गळ्यात गळे घालून एकाच दिशेने फिरत होत्या. उपाय सोपा: तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा, मोटर उलटी फिरते. मी म्हटलं, दोनच कशाला? पहिलीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी तिसरी, तिसरीच्या जागी पहिली. सुरू केली. जैसे थे. पुन्हा तसंच एक एक घर पुढे सरकवलं. जैसे थे. तिन्ही तारा अशा गोल फिरवल्या तर क्रम तोच राहतो, हे कागदावर चित्र काढल्यावर उमगलं. चित्र मुलीने काढलं.

मग थ्रॉटलचं कॅलिब्रेशन, म्हणजे रिमोटच्या काडीची सुरुवात कुठे नि शेवट कुठे ते दोन्ही ईएससींना शिकवणं. ते होईपर्यंत एक मोटर आधी उठायची आणि दुसरी आळोखेपिळोखे देत मागून यायची. शेवटी दोघी एका सुरात घुमल्या. बादल्या भरभरून टब भरला, घरातले सगळे भोवती जमले, मी काडी हळूच पुढे ढकलली.

बोट दिमाखात मागे गेली आणि टबाच्या काठावर आदळली. डावा पंखा उजवीकडे बसला होता, उजवा डावीकडे.

"बाबा," मुलगी म्हणाली, "रिमोट उलटा धरून बघा ना."

आणि मी धरून बघितला.