'फुकट अपग्रेड'च्या नावानं चांगभलं

न्यू जर्सीहून नायगाऱ्याला जाण्यासाठी मी भाड्याची मध्यम आकाराची सेडान आरक्षित केली होती. काउंटरवरच्या तरुणाने हसतमुखाने सांगितले की सेडान शिल्लक नाही, पण तुम्हाला 'फुकट अपग्रेड' मिळते आहे. आणि ते अपग्रेड म्हणजे तीन रांगांचे, व्ही-८ इंजिनाचे एक धूड निघाले. आम्ही माणसे चार. त्यात चढताना आईला एसटीची पायरी बरी वाटली. जाताना चारशे मैलांत बावीस-तेवीस गॅलन पेट्रोल गेले, येताना तितकेच गेले, आणि गाडी परत केल्यावर, आपल्याला अपग्रेड कसे वाटले, हे विचारणारी ईमेल आली. पेट्रोल माझ्या खिशातून जाळायचे आणि वर आभारही मीच मानायचे, असा हा फुकटचा व्यवहार.

मोठ्या गाडीशी माझे वैर नाही. गेल्या उन्हाळ्यात म्युनिकहून साल्झबुर्गकडे आम्ही हीच चार माणसे आणि याच बॅगा घेऊन स्कोडा सुपर्ब कॉम्बीने, म्हणजे छत डिकीपर्यंत लांबवलेल्या स्टेशन वॅगनने, हिंडलो. ६६० लिटरची डिकी, मागे पाय पसरून बसण्याइतकी जागा, २ लिटरचे डिझेल इंजिन, आणि शंभर किलोमीटरला पाच-साडेपाच लिटर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने लिटरला अठरा-वीसचे ॲव्हरेज. नायगाऱ्याचे धूड साडेसात देतानाही उपकार केल्यासारखे वागत होते.

हे बोलून दाखवले की महाराष्ट्र मंडळातले जाणकार सरसावतात. एक म्हणतो, मोठी गाडी म्हटली की पेट्रोल जाणारच. दुसरा ब्रिटनमधले मैल-गॅलनचे आकडे फेकतो, आणि ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा व अमेरिकन ३.७९ लिटरचा असल्यामुळे तो आकडा मुळातच वीस टक्के फुगलेला असतो, याचे त्याला भान नसते. माझ्याच बाजूने इतके चुकीचे बोलणाऱ्या माणसाचा मला अधिक राग येतो. तिसरा २०१५ चे फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण काढतो. ती लबाडी धुरातले नायट्रोजन ऑक्साइड लपवण्याची होती आणि तिचे समर्थन मी करणार नाही. पण म्हणून साडेसातचे अठरा झाले नव्हते, असे होत नाही. या विषयावर मी बोलू लागलो की लोक बटाटेवड्याची प्लेट उचलून दुसऱ्या टेबलाकडे सरकतात, आणि मैल-गॅलनचे किलोमीटर-लिटर करण्यासाठी मी फोन बाहेर काढताच पत्नी आमच्या निघण्याची वेळ झाल्याचे जाहीर करते. गाडी भाड्याची होती, परतही करून झाली, आता रक्तदाब कशासाठी, हा तिचा प्रश्न रास्त आहे. रक्तदाब मात्र उतरत नाही.

कारण अमेरिकेतल्या या धुडांचा मामला केवळ हौसेचा नाही. हे कायद्याने पोसलेले आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या सरासरी मायलेजचे निकष ठरवले, पण 'हलके ट्रक' हा वेगळा, सौम्य नियमांचा वर्ग ठेवला, आणि पुढे बहुतेक एसयूव्ही त्याच वर्गात जाऊन बसल्या. १९७८ मध्ये पेट्रोलपिऊ गाड्यांवर कर आला, तोही फक्त कारवर; एसयूव्ही आणि पिकअपला पूर्ण माफी. क्रायस्लरच्या पीटी क्रूझरसारखी छोटी गाडी मायलेजच्या हिशेबात ट्रक ठरली. २००४ मध्ये सुबारूने आउटबॅकची सेडानसुद्धा थोडी उंच करून ट्रकच्या वर्गात नेली. सेडान! त्यानंतर नियम सुधारले म्हणावे, तर गाडीचा पसारा जितका मोठा तितके उद्दिष्ट सैल, अशी तरतूद झाली. मग कोणता शहाणा कारखानदार गाडी लहान करील? राहता राहिला निकष न पाळल्याचा दंड, तोही २०२५ च्या कायद्याने शून्य डॉलर झाला. पेट्रोलवरचा केंद्राचा कर तर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर बसून आहे.

जमत नाही म्हणावे, तर टोयोटाची सिएना याच देशात, इंडियानामध्ये बनते, सात-आठ माणसे नेते, २०२१ च्या मॉडेलपासून ती फक्त हायब्रिड आहे आणि गॅलनला ३६ मैल, म्हणजे लिटरला पंधरा किलोमीटर देते. पण मिनीव्हॅन घेतली की माणसाची शान जाते म्हणे. फोर्डने २०१८ मध्येच इथल्या सेडान बंद करण्याचे जाहीर केले, तर तिकडे युरोपात त्यांची मॉन्डेओ २०२२ पर्यंत बनत होती. परवा एका विक्रेत्याकडे जाऊन मी साधी, काटकसरी स्टेशन वॅगन आहे का, असे विचारले. असल्या गाडीला गिऱ्हाईकच नाही, असे त्याने मला, म्हणजे त्याच्या दुकानात चेकबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, शांतपणे सांगितले.